वाढ पेपरात, कपात पासबुकात: दिव्यांगांचं अनुदान बंद होतंय, विरोध नेमका कसा करायचा?

पिकोफॉल_दांडेकरपूल

नमस्कार मंडळी. विषय संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांचा आहे. जे स्वतः दिव्यांग आहेत किंवा ज्यांच्या घरी कुणी आहे, त्यांनी सविस्तर वाचा. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, फक्त "सरकारला मेल करा" एवढंच लिहून जाऊ नका. केलाय.

मी दांडेकर पुलाजवळ राहते. घरीच पिको-फॉल आणि ब्लाउजची दुरुस्ती करते. वय ५२, लग्न केलेलं नाही. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर आहे. मशीनला मोटर बसवून घेतली आहे, एका पायाने पायडल किती वेळ मारणार? श्रावणापासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत काम असतं. मधे पितृपक्ष आला की कुणी नवी साडी घेत नाही, मग मी माशा मारते.

अनुदान मला बऱ्याच वर्षांपासून मिळत होतं. आधी महिना ६०० होते, मग १००० झाले, २०२३ च्या जुलैपासून १५००. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० असा निर्णय झाला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. २५०० जमा झाल्याचा मेसेज मलाही आला, तो मी जपून ठेवलाय. कारण त्यानंतर काहीच आलं नाही.

तहसीलला गेले. खिडकीवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "मावशी, नाव बंद झालंय, उत्पन्न बसत नाही." कागद काही दिला नाही. कागद मागितला तर म्हणाला, "साहेब मीटिंगला आहेत." साहेब कायम मीटिंगलाच असतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण मीटिंग कशाची असते ते एकदा कळायला हवं.

आता उत्पन्न का बसत नाही ते सांगते. आई होती तोवर आमच्या दोघींचं रेशनकार्ड वेगळं होतं. ती गेल्यावर भावाच्या कार्डात माझं नाव चढवलं. भाऊ एका सोसायटीत वॉचमन आहे, पगार १४ हजार. म्हणजे वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. दिव्यांगासाठी या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५० हजार. संपला विषय, आम्ही श्रीमंत.

गंमत पुढे आहे. माझ्या वहिनीला लाडकी बहीणचे १५०० येतात, कारण तिथे मर्यादा अडीच लाख आहे. घर एक, रेशनकार्ड एक, पगार तोच. वहिनी बसते, मी बसत नाही. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मग तुम्ही पण तिकडे फॉर्म भरा ना." अरे बाळा, तेव्हा मला निराधारचे मिळत होते म्हणून तिकडे माझं नाव चालत नव्हतं. आणि आता तिकडची नोंदणी २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच बंद झाली.

बरं, हे एकटीचं असतं तर इथे लिहिलं नसतं. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं असंच झालंय. कुणाचं उत्पन्नावरून, कुणाचं आधारवरून, कुणाची दिव्यांगत्वाची टक्केवारी नव्याने तपासायची म्हणून. आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेऊ. दुसरा म्हणतो, गप्प बसा, आवाज केलात तर अख्खी यादी तपासायला काढतील आणि ज्यांचं चालू आहे त्यांचंही जाईल. हे म्हणणारे घाबरट आहेत असं नाही. पुण्यात महिना ४ हजार १६६ रुपयांत कुठलं कुटुंब जगतं ते मला दाखवा. म्हणजे प्रत्येक उत्पन्नाचा दाखला ४८ हजारांचाच का असतो, हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. मर्यादा अशी ठेवायची की माणूस खरं बोलला तर बाहेर पडतो, आणि मग एक दिवस पडताळणी घेऊन दारात उभं राहायचं.

तर प्रश्न असा: ज्यांच्या मानेवर ही टांगती तलवार आहे, त्यांनी विरोध कसा करायचा? कुणी केला असेल तर सांगा.

---

वारजेकर

पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका. बाकी सगळं नंतर.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

ताई, महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यातली काही वर्षं याच टेबलावर. म्हणून जरा लांबण लावतो.

सर्वात आधी बँकेत जाऊन एक गोष्ट बघून घ्या. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने, म्हणजे आधारच्या वाटेने येतात. पूर्वी तहसीलकडून बँकेला यादी जायची, आता तसं नाही. तुमचं आधार एनपीसीआयकडे (बँकांचे आपसातले व्यवहार सांभाळणारी संस्था) ज्या खात्याला जोडलेलं असेल त्या खात्यात पैसे पडतात, आणि शेवटी जे खातं जोडलं तेच धरलं जातं. कुणीतरी कधी गॅस सबसिडीसाठी पोस्टाचं खातं काढून दिलेलं असतं, पैसे तिकडे साठत बसतात आणि बाई इकडे तहसीलला चकरा मारते. तुमच्या बाबतीत हे नसेल, पण तुमच्या ग्रुपमध्ये "आधारवरून" बंद झालेले जे आहेत, त्यातले निम्मे इथेच सुटतील असा माझा अंदाज आहे. त्यांना मोर्चात आणण्याआधी बँकेत पाठवा.

आता तुमचं. "नाव बंद झालंय" हे खिडकीतून तोंडी सांगणं म्हणजे काहीच नाही. अनुदान मंजूर होताना जसा आदेश निघतो तसा ते बंद करतानाही निघायला हवा, आणि त्याआधी तुम्हाला नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकायला हवं. म्हणून पहिला अर्ज एवढाच करा: माझे अनुदान कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या आदेशाने व कोणत्या कारणास्तव बंद केले, त्या आदेशाची प्रत मिळावी. दोन प्रती काढा. एक आत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. वारजेकर बोलले ते शंभर टक्के खरं आहे. आम्ही खात्यात असताना पोच मागणाऱ्या माणसाची फाईल वर ठेवायचो, न मागणाऱ्याची खाली. वाईट आहे पण खरं आहे.

या अर्जात "अन्याय", "गोरगरीब", "मायबाप सरकार" यातलं काही लिहू नका. भावना वाचायला टेबलावर वेळ नसतो. क्रमांक आणि तारीख विचारली की मात्र टेबल हलतं, कारण उत्तर द्यायला फाईल उघडावी लागते.

दुसरा अर्ज माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं तिकीट लावून. त्यात आदेशाबरोबर टिपणीही मागा. टिपणीत कुणी काय शेरा मारला ते कळतं. तुमच्या भावाचं उत्पन्न फक्त रेशनकार्डावर नाव एक आहे म्हणून धरलं, की शासन निर्णयातल्या कुटुंबाच्या व्याख्येप्रमाणे धरलं, हा तुमचा कळीचा मुद्दा आहे. अविवाहित बहिणीसाठी भाऊ "कुटुंबात" कोणत्या कलमाने आला, हे त्यांना लेखी सांगू दे.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. त्याच वेळी लोकशाही दिन. जिल्ह्याचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. लोक आयत्या वेळी जातात आणि परत येतात.

आणि पुणेकर असल्याचा एक फायदा आहे तो घ्या. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्याच गावात, कॅम्पात चर्च रोडवर आहे. गडचिरोलीच्या माणसाला जिथे यायला दोन दिवस लागतात, तिथे तुम्ही रिक्षाने जाऊ शकता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० खाली तिथे तक्रार करता येते. आयुक्तांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली तर त्यावर काय केलं हे तीन महिन्यांत कळवणं कलम ८१ प्रमाणे त्या कार्यालयाला बंधनकारक आहे.

---

सदाशिव_स्पष्टवक्ता

कटू वाटेल, पण कुणीतरी बोललं पाहिजे. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झालाय हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये पुण्यातूनच एका प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं दिव्यांग दाखल्याचं प्रकरण देशभर गाजलं. ऐकू येत नाही म्हणून सवलत घेणारे फोनवर तासन्‌तास बोलताना मी स्वतः पाहिलेत. पडताळणी झालीच पाहिजे. खऱ्याला भीती कशाची? आणि ताईंनीच लिहिलंय की उत्पन्नाचे दाखले ४८ हजारांचे "असतात". म्हणजे खोटे असतात. करदात्यांनी का भरायचं?

---

पिकोफॉल_दांडेकरपूल

@सदाशिव, करदाते आम्हीही आहोत हो. दोऱ्याच्या रिळावर, मशीनच्या तेलावर, कॅलिपरच्या बुटावर कर भरते मी. पावतीवर लिहिलेलं असतं.

पडताळणीला माझी ना नाही, उलट या. माझ्याकडे दाखल्यांचा संग्रहच आहे. पहिला हाताने लिहिलेला, डॉक्टरांच्या निळ्या शाईचा. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो भिजला, अक्षरं पसरली, तरी ठेवलाय. मग ऑनलाइनवाला निघाला, हाताचा चालेना. मग यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र आलं, ऑनलाइनवाला चालेना. प्रत्येक वेळी सरकारी दवाखान्यात रांग, प्रत्येक वेळी डॉक्टर कॅलिपर काढायला लावतात, टेप लावून मांडी मोजतात. पाय तोच आहे. १९७० च्या दशकातला पोलिओ आता बरा होऊन परत येणार आहे का?

टक्केवारी मोजायचे नियम मात्र बदलतात. २०१८ मध्ये नवे आले, २०२४ मध्ये पुन्हा नवे. आमच्या ग्रुपमध्ये एकाचे टक्के नव्या मोजणीत ४० च्या खाली गेले. हात जसा होता तसाच आहे, पण तो आता सरकारदरबारी पुरेसा दिव्यांग नाही.

माझा आक्षेप क्रमावर आहे. आधी तपासा, दोषी सापडला तर बंद करा, वसूल करा, काय हवं ते करा. इथे आधी सगळ्यांचं बंद, आणि ज्याला परत हवं त्याने सिद्ध करत फिरावं. ज्याला चालता येत नाही त्यालाच फिरायला लावायचं. त्या अधिकारी बाईंनी वकील केला असेल. आमच्यात वकील करायची ऐपत असती तर उत्पन्न बसलंच नसतं!

दाखल्यांबद्दल: हो, खोटे असतात. मी माझा तसा काढला नाही म्हणून मी बाहेर आहे. आता सांगा, यातून लोक काय शिकतील?

---

स्क्रीनरीडरवाला

मी पूर्ण अंध आहे, हे सगळं मोबाईल मला वाचून दाखवतो. @निवृत्त काका, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला, मीच लावला परत.

आमची वेगळी कथा. हयातीच्या पडताळणीला आता ॲप आहे, चेहरा स्कॅन. मोबाईल म्हणतो, चेहरा गोलात आणा. कुठला गोल? मग म्हणतो, डोळे मिचकावा. माझे डोळे काढलेले आहेत, खोटे बसवलेत. मी मिचकावायला गेलो तर पापणी हलते, बुबुळ नाही. ॲपच्या मते मी जिवंत नाही. माझ्या शेजारणीने हात जोडून सांगितलं, "भाऊ, हे जिवंत आहेत, मी रोज यांच्याशी भांडते." ॲपने ऐकलं नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ३० एप्रिल २०२५ चा, प्रज्ञा प्रसून प्रकरणातला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्यांना केवायसीत डोळे मिचकावता येत नाहीत, म्हणून ती याचिका होती, आणि अंधांची दुसरी याचिका तिच्यासोबतच ऐकली गेली. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि जिवंतपणा तपासायला मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा असंही सांगितलं. मी त्या निकालाचा क्रमांक अर्जात टाकून दिला आणि साध्या कागदी हयातीच्या दाखल्यावर माझं काम झालं. खिडकीवरच्या माणसाने निकाल वाचला असेल असं वाटत नाही, पण "सर्वोच्च" हा शब्द वाचला असावा.

ज्यांचं बोटांच्या ठशावरून अडलंय त्यांनी २०१८ चा आधारवरचा निकालही जोडावा. ठसा जुळला नाही एवढ्यावरून लाभ नाकारायचा नाही, हे त्यात आहे. शिवणकाम, भांडी करणाऱ्यांचे ठसे झिजतात, ताई, तुम्हाला माहीतच असेल.

---

विधी_दुसरं_वर्ष

ताई, तुम्ही वहिनीचं उदाहरण गंमत म्हणून लिहिलंत, पण तुमची सगळी केस त्यातच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत ही इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. म्हणजे १५०० ला १८७५. जुलै २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिव्यांगांनाही १५०० आणि लाडक्या बहिणींनाही १५०० होते, तेव्हा हे कलम सरळ पायदळी होतं. आता २५०० झाल्याने रकमेचा प्रश्न मिटला. पण दार अरुंदच राहिलं. निरोगी बाईला अडीच लाखांपर्यंत आत घेता आणि दिव्यांग बाईला ५० हजारांवर बाहेर काढता, हे कलम २४ च्या हेतूत कसं बसतं?

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगते. एक, कलमात "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्द आहेत, सरकारी वकील तेच पुढे करेल. दोन, २५ टक्के रकमेबद्दल आहेत, उत्पन्नमर्यादेबद्दल नाहीत. म्हणून कोर्टात हे आपोआप जिंकलं जाईल असं नाही. पण मागणी म्हणून हे फार भक्कम आहे, आणि तुमच्या ग्रुपचं भांडणही यातून सुटतं. "आमची पडताळणी करू नका" ही मागणी कमकुवत आहे, त्यावर सदाशिवसारखे शंभर लोक येतील. "दिव्यांगांसाठीची उत्पन्नमर्यादा लाडकी बहीणइतकी, म्हणजे अडीच लाख करा" ही मागणी करा. मग ४८ हजारांचा दाखला काढायची गरजच कुणाला उरत नाही आणि पडताळणीला घाबरायचं कारणही नाही. गप्प बसा म्हणणारे लोकसुद्धा यावर सही करतील.

---

सदाशिव_स्पष्टवक्ता

आणि त्याला पैसा कुठून येणार? छापायचा?

---

विधी_दुसरं_वर्ष

लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती. पैसा नसतो असं नाही, तो कुणासाठी असतो हे ठरवलं जातं. केंद्राचं तर बघूच नका. इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात ८० टक्क्यांवरच्या दिव्यांगाला केंद्राचे महिना ३०० रुपये आहेत. २०१२ पासून ३००. तेव्हा गॅस सिलिंडर कितीला होता ते घरी विचारा. महागाईत रक्कम तशीच ठेवली की कपात करायला आदेशसुद्धा काढावा लागत नाही.

---

पिकोफॉल_दांडेकरपूल

एक सांगते आधीच, वहिनीचे काढून मला द्या असं मी कुठेही म्हणणार नाही. ते १५०० आले की आमच्याकडे महिन्याचा किराणा भरतो. घरात तिने आणि मी एकमेकींकडे वाकड्या नजरेने बघावं अशी सोय कुणाला हवी असेल तर त्याला ती मिळणार नाही.

बाकी विधी, तू म्हणतेस ते पटलं. ग्रुपवर टाकलं. नेहमी "गप्प बसा" म्हणणाऱ्या काकांचा अंगठा आला. खाली वळलेला नाही, वर केलेला.

---

खडकीचा_माजी_सैनिक

आमच्याकडेही असंच होतं बरं का. सैन्यातल्या दिव्यांग निवृत्तिवेतनावर पूर्वीपासून आयकर नव्हता. २४ जून २०१९ ला एक परिपत्रक निघालं: जखमेमुळे सेवेतून काढावं लागलं असेल तरच करमाफी, जो तसाच पाय ओढत पूर्ण नोकरी करून निवृत्त झाला त्याला नाही. म्हणजे घरी बसला असतास तर बरं झालं असतं. आमच्या खडकीत पॅराप्लेजिक सेंटर आहे, कमरेखाली संवेदना नसलेले जवान तिथे राहतात. त्यांच्यासमोर मी काही तक्रार करत नाही. पण परिपत्रक एका पानाचं होतं एवढं लक्षात राहिलंय. ताई, अर्जावर माझी सही धरा.

---

औंधची_लीड्समध्ये

मी औंधची, इथे लीड्समध्ये हॉस्पिटलात नोकरी करते. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये हेच पाहिलं म्हणून लिहिते. इथलं तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही, पण एक गोष्ट उपयोगी पडेल.

इथे पीआयपी नावाचा भत्ता आहे. तो उत्पन्न बघत नाही. तुम्ही कमावत असा नाहीतर नसा, दिव्यांग असल्यामुळे जो जास्तीचा खर्च होतो त्यासाठी तो असतो. १८ मार्च २०२५ ला मजूर पक्षाच्या सरकारने त्याचे निकष आवळायचं ठरवलं. रोजची कामं करायला किती अडचण येते त्याला गुण असतात, त्यात एकातरी कामाला चार गुण मिळालेच पाहिजेत अशी अट घालायची होती. सरकारच्याच अंदाजात या सगळ्या कपातीने अडीच लाख माणसं गरिबीत जाणार होती.

लोकांनी काय केलं? मोर्चे निघाले, पण त्याहून जास्त काम एका वाक्याने केलं. "मला कमरेखालचं अंग धुवायला दुसरं माणूस लागतं, त्याला दोन गुण आहेत, म्हणजे मला भत्ता नाही." हे लोकांनी आपापल्या खासदाराला समोर बसून सांगितलं. सत्ताधारी पक्षाच्याच शंभराहून जास्त खासदारांनी विरोधात सह्या केल्या आणि १ जुलैला, मतदानाच्या दिवशीच, सरकारला तो भाग विधेयकातून काढावा लागला. सगळं जिंकलं असं नाही. आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्या नव्या अर्जदारांचा दुसरा भत्ता एप्रिल २०२६ पासून जवळजवळ निम्मा करायचं ठरलंच.

तर ताई, टक्के आणि कलमं लिहाच. पण तुमचा जास्तीचा खर्च काय होतो तेही लिहा, रुपयांत.

---

पिकोफॉल_दांडेकरपूल

लिहिते. आज दुपारी वही घेऊन बसलेच.

तुळशीबागेतून अस्तर, फॉल, रीळ आणायला इतर बायका बसने किंवा चालत जातात. मला बसची पायरी चढवत नाही, पास असून उपयोग नाही, म्हणून जाताना रिक्षा, येताना रिक्षा. कॅलिपरचा पट्टा तुटला की मोची. बूट जोडीने मिळत नाहीत, एक पाय लहान, म्हणून दोन मापांचे दोन जोड घ्यायचे आणि त्यातला एकेक टाकून द्यायचा. (टाकून देत नाही. माळ्यावर आहेत. कुणाला डावा चार आणि उजवा सात नंबर लागत असेल तर सांगा, नवेकोरे आहेत.) पाणी भरायला, गिरणीत जायला बाईला पैसे. गुडघा दुखतो तो चांगल्या पायाचा, कारण सगळा भार त्याच्यावर, त्याची गोळी. सगळं मिळून अडीच हजारांच्या वर जातं. भावाच्या १४ हजारांत हे कुठेच वजा होत नाही, दाखल्यावर मात्र त्याचे सगळे १४ हजार माझ्या नावावर चढतात.

मोर्चाचं म्हणाल तर, जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले तेव्हा मागण्यांमध्ये दिव्यांगांना महिना ६००० ही एक होती. आमच्यातले दोघं तिकडे गेले होते. मला जाणं झालं नाही. पण सहा हजारांची मागणी करताना पन्नास हजारांच्या मर्यादेकडेही बघायला हवं असं मला वाटतं. दहा हजार दिले तरी मी यादीतच नसले तर काय करू?

अर्जाचा मसुदा केलाय. काका, बघा जरा:

"विषय: दिव्यांग लाभार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक रु. २.५ लाख करणेबाबत, तसेच पूर्वसूचना न देता बंद केलेले अनुदान चौकशी पूर्ण होईपर्यंत पूर्ववत सुरू करणेबाबत.

महोदय, आम्ही खालील सह्या करणारे पुणे शहरातील दिव्यांग नागरिक असून आमच्यावर झालेला अन्याय…"

---

निवृत्त_अव्वल_कारकून

"अन्याय" काढा. सांगितलं होतं ना.

दुसरं, एका अर्जात दोन विषय नको. उत्पन्नमर्यादा बदलणं तहसीलदाराच्या हातात नाही, ते मंत्रालयाचं काम. तो तुमचा अर्ज "वरिष्ठ कार्यालयाशी संबंधित" असा शेरा मारून दप्तरी करेल आणि त्याच्यासोबत तुमचं अनुदानही दप्तरी जाईल. दोन अर्ज करा. अनुदान पूर्ववत करण्याचा प्रत्येकाने स्वतंत्र, स्वतःच्या आदेशाच्या प्रतीसह, तहसीलला. उत्पन्नमर्यादेचा सगळ्यांचा मिळून एक, दिव्यांग कल्याण आयुक्तांमार्फत शासनाला, आणि त्याची प्रत आपल्या आमदारांना. आमदाराकडे प्रत घेऊन तुम्ही स्वतः जा, कुणाच्या हाती पाठवू नका. अधिवेशनाच्या आधी जा. विधानसभेत तारांकित प्रश्न (मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) लागला की मंत्रालयातून खाली फोन येतात, आणि तो फोन आला की साहेबांची मीटिंग संपते.

तिसरं, बुटांच्या मापाचा तो परिच्छेद शासनाच्या अर्जात राहू द्या. मी सहसा असं काही ठेवू देत नाही.

---

वारजेकर

महापालिकेलाही धरा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, पूर्वी ३ टक्के होता. यंदा किती ठेवला, किती खर्च झाला, माहिती अधिकारात विचारा. अर्ज मी टाकतो, मला काम आहे त्याच बाजूला.

---

सदाशिव_स्पष्टवक्ता

पडताळणीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण आधी नोटीस, मग बंद, हे बरोबर आहे. आणि अडीच लाखांची मर्यादा दोन्हीकडे सारखी हवी यात चूक काही दिसत नाही. सहीसाठी दिव्यांगच असावं लागतं का?

---

विधी_दुसरं_वर्ष

नाही. "पुणे शहरातील नागरिक" असं करू. या तुम्ही. तिथेही स्पष्ट बोला.

---

पिकोफॉल_दांडेकरपूल

सगळ्यांचे आभार. माझा आदेशाच्या प्रतीचा अर्ज आज दिला, पोच घेतली. शिक्का अर्धवट उमटला होता, दुसऱ्यांदा मारायला लावला.

सामायिक अर्जावर सह्या रविवारी माझ्याकडे. तळमजला आहे, उंबरा आहे पण फळी टाकून ठेवीन, व्हीलचेअर आत येते. काका, ग्रुपमधल्या दोघीतिघींना सही येत नाही, अंगठा चालेल का?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

चालतो. अंगठ्याशेजारी पूर्ण नाव आणि "निशाणी डावा अंगठा" असं लिहा, आणि ज्याने लिहिलं त्याने खाली स्वतःची सही करायची. शाईचं पॅड मी घेऊन येतो, घरचं वाळलेलं असतं.